ठसका येईना

लहानपणी आई मला कोपरांनी उचलायची.

हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. संध्याकाळी ती कारखान्यातून आली की दोन्ही हात वर धरून दारातच उभी राहायची, पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखी. मी धावत सुटले की ओरडायची, "थांब गं, अजून आग हाय!" मग हातांना गोडंतेल, तेलावर डाळीचं पीठ, मग साबण, मग पुन्हा तेल. शेवटी ताकाच्या पातेल्यात मनगटापर्यंत हात बुडवून ती पाटावर बसायची. मी समोर बसून दर थोड्या वेळानं विचारायचे, "गेली का?" ती बोटावर बोट चोळून बघायची. "थोडी हाय." सगळी आग गेल्याशिवाय ती मला हात लावायची नाही. मी पडले-झडले, फारच घाई असली, तर कोपरांत धरून उचलायची.

आई, म्हणजे छायाबाई, मिरचीचे देठ खुडायची. गडहिंग्लजच्या बाजूला हिरण्यकेशीच्या काठानं आमचं गाव, आणि गावाबाहेर मसाल्याचा कारखाना. मी तिसरीत असताना वडील गेले. त्यानंतर आम्ही दोघी जगलो त्या देठांवर. मी शिकले, रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागले, लग्न होऊन इचलकरंजीला गेले. आईनं देठ खुडणं सोडलं नाही. घरी बसून काय भिंतींशी बोलू का, म्हणायची.

पुढं कारखान्यानं मिरचीचं नवं वाण आणलं. भाजीत घालायचं नव्हेच ते. त्याचा अर्क काढून परदेशी पाठवायचा. एवढं जहाल की मास्क, हातमोजे कशाला दाद देईना. बायका खोकून बेजार व्हायच्या, दोन दिवस यायच्या आणि चार दिवस घरी पडायच्या. मग कारखान्यानं इंजेक्शन आणलं. खोक्यावर लांबलचक नाव होतं, बायकांनी त्याचं 'गारव्याची सुई' करून टाकलं.

त्याची माहिती द्यायला सभा घेतली, त्या दिवशी मी गावीच होते. पाचवा महिना चालू होता. आई म्हणाली, तू शिकलेली, तूही ऐक, मला नंतर सांग. कारखान्याचे डॉक्टर मगदूम साधे, हसतमुख गृहस्थ. मी त्यांच्यावर रागवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे, पण त्या दिवशी ते चांगलंच बोलले हे कबूल करायला हवं.

"मिरची खाल्ली की तोंड भाजतं," ते म्हणाले. "खरंच भाजतं का? थर्मामीटर लावून बघा. काडीचा फरक पडत नाही. मग आग कुठून येते?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

डॉक्टरांनी भिंतीवर चित्र दाखवलं. आपल्या कातडीत, जिभेवर, डोळ्यांत, घशात, छातीत मज्जातंतूंची टोकं असतात. त्या टोकांवर बारीक बारीक दारं असतात. त्यातलं एक दार चटका बसण्याएवढी गरम वस्तू लागली की उघडतं आणि मेंदूला निरोप जातो: आग. मिरचीतला जो तिखट पदार्थ आहे, तो नेमका याच दाराच्या कुलपाला बसतो. दार उघडतं, निरोप तोच जातो. मेंदूला काय दिसतंय? त्याला निरोप आला की तो ओरडतो. घशातलं दार उघडलं तर ठसका लागतो, डोळ्यातलं उघडलं तर पाणी येतं.

"ही सुई ते दार बंद करते. त्याच्या शेजारी तिखट धुरानं उघडणारं आणखी एक दार असतं, तेही बंद करते. बाकी सगळं जिथल्या तिथं. हात लावलेलं कळेल, टोचलेलं कळेल, गार कळेल. फक्त आग नाही."

"साऱ्या अंगातच?" कुणीतरी विचारलं.

"साऱ्या अंगात. वर्षभरानं उतरेल, मग पुन्हा घ्यायची."

पहिल्या रांगेतल्या गौराक्का आमच्या शेजारच्या. कारखान्यात त्या झाडलोटीला होत्या, म्हणजे सुई त्यांना नव्हती, पण तोंडानं मुकादम. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी प्यालं तरी का जात न्हाई वो?"

"कारण तिखट पाण्यात विरघळतच नाही. तेलात विरघळतं, दुधातुपात विरघळतं. पाण्यानं ते नुसतं तोंडभर पसरतं."

"आनि मग सुई घेतल्यावर बायांना रडूबी यायचं न्हाई का?"

"येईल की. मिरचीचं पाणी वेगळ्या वाटेनं येतं, दुःखाचं वेगळ्या. ती वाट आम्ही बंद केलेली नाही."

"मग काय उपेग?" गौराक्का म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला.

तेवढ्यात आई उभी राहिली. चारचौघांत न बोलणारी बाई, पण उभी राहिली. "गरम पान्याचं काय? माझ्या लेकीचं बाळंतपण हाय. बाळाचं पानी मी हातानं बगनार. कळलं न्हाई तर?"

मला तिचा अभिमान वाटला. डॉक्टरांनाही वाटला असावा. त्यांनी टेबलावरची एक निळी पट्टी उचलली आणि आईच्या मनगटाला स्वतः बांधली. गरम पाण्याजवळ, तव्याजवळ, विस्तवाजवळ हात गेला की ती पट्टी वाजायची. प्रत्येक बाईला एक, फुकट. आईनं चहाच्या कपाशी हात नेऊन ती वाजवून बघितली आणि खाली बसली. सगळ्या शंका फिटल्या. मी शिकलेली, मीसुद्धा मान हलवली.

सुई घेतल्यानंतरच्या रविवारी मी घरी गेले तेव्हा आई नुकतीच कामावरून आली होती. तिनं साबणानं हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ माझे दोन्ही गाल हातांत धरले. कामावरून आल्या आल्या. माझ्या उभ्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. मी रडले. तीही रडली. डॉक्टर खरं बोलले होते, ती वाट चालू होती.

"आता कशाचं तेल आनि कशाचं ताक," ती म्हणाली. "साबन लावला की झालं. आगच न्हाई बग."

संध्याकाळी माझे गाल जरा चुणचुणले. प्रवासातलं ऊन लागलं असेल म्हणून मी क्रीम लावलं आणि विसरून गेले.

तिचं कालवण मात्र बिघडलं. तिला चव कळायची, मीठ कळायचं, तिखट कळेना. अंदाजानं घालायची. माझा नवरा विश्वजित तिची आमटी भुरकायला बसला की घामाघूम व्हायचा आणि जावयाची लाज राखायची म्हणून हूं की चूं करायचा नाही. आम्ही त्यावर खूप हसलो. आईही हसायची. त्या दिवसांत आमच्या घरात जेवढं हसू होतं तेवढं मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

मुलगी झाली. माझं सिझर झालं आणि मी माहेरी येऊन खाटेला खिळले. पोटाला टाके म्हणून मला मालिश नाही, फक्त शेक. बाळाची अंघोळ मात्र आईची. कारखान्यानं रजा दिली नाही, तर तिनं दुपारची पाळी मागून घेतली. सकाळ सगळी नातीची.

तिचा तो थाट काय वर्णावा! न्हाणीत पाय लांब करून बसायची, पायांवर बाळ, शेजारी तेलाची वाटी, डाळीचं पीठ आणि दुधाची साय. पाण्यात हात घालायची, पट्टी वाजली की गार पाणी ओतायची, वाजायची थांबली की मला हाक मारून सांगायची, "प्रांजू, ऐकलंस काय? गप बसली बग पट्टी!" पाणी रोज नेमकं असायचं. त्या पाण्यानं माझ्या लेकीला कधीही चटका बसला नाही.

पण लेक रडायची. बाळं अंघोळीला रडतातच, हे मलाही माहीत होतं. ही पाणी पडायच्या आधीच रडायची. तेलाचा हात अंगावरून फिरला की थोड्या वेळानं सुरू व्हायची आणि मग असं रडायची की खाटेवर माझे टाके ताणले जायचे. मुठी तोंडात गेल्या की आणखी. डोळे चोळले की आणखी. अंघोळीनंतर माझ्याकडं यायची तेव्हा दमून गेलेली असायची, दूधही नीट ओढायची नाही. मांड्यांवर, मानेच्या वळीत लाल चट्टे.

"आवाज मोठा हाय," आई सुरुवातीला म्हणायची. "पुडारी व्हनार."

मग तिचं हसू कमी झालं. एकदा तिनं बाळ माझ्या कुशीत ठेवलं आणि तिथंच उभी राहिली. "तुझ्याजवळ गप ऱ्हाती. गौराक्कानं घेतलं तर गप ऱ्हाती. माझ्याच हातात का गं रडती?"

"तू अंघोळ घालतेस ना, म्हणून," मी म्हणाले. "अंघोळ घालणाऱ्याचा राग येतो बाळांना."

गावातल्या डॉक्टरांनी घामोळं सांगितलं, पावडर दिली. पावडरीनं काही झालं नाही. बारशाला बायका येऊन गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी गौराक्कांनी निकाल दिला. "दिष्ट लागलीया. एवढी गोरीगोमटी पोर, आनि उघडीच ठेवलीसा समद्यांच्या म्होरं."

मी हे हसण्यावारी नेलं. आईनं नेलं नाही.

दृष्ट काढायची आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन बाळावरून उतरवायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. मिरच्या जळल्या की ठसका लागायलाच हवा. तो लागला तर समजायचं, काही नाही, बाळ सुखरूप आहे. लागलाच नाही, तर दृष्ट लागली होती, आणि ती जितकी मोठी तितका ठसका दाबून टाकते. मग ठसका येईपर्यंत पुन्हा उतरवायचं. माझ्यावरून आईनं शंभरदा उतरवलं असेल. आम्ही दोघी खोकून खोकून लाल व्हायचो, आणि ती खोकतच म्हणायची, "काय न्हाई, काय न्हाई, ठसका आला."

त्या दिवशी माझे टाके दाखवायला विश्वजित मला तालुक्याला घेऊन गेला. बाळाला उन्हातान्हात न्यायला नको म्हणून आईकडं ठेवलं. येताना आम्ही तिच्यासाठी हापूसची पेटी घेतली.

गल्लीत रिक्षा वळली आणि रिक्षावाला शिंकला. मग विश्वजित खोकला. गौराक्कांच्या ओसरीवर त्यांचं कुत्रं पुढच्या पंजांनी नाक घासत होतं, आणि त्या स्वतः पदर तोंडाला लावून शेताकडून धावत येत होत्या. "काय जाळलंय कुनी?" त्या ओरडल्या. मी आमच्या घराकडं बघितलं. बाळंतिणीच्या घरात वारा नको म्हणून दार बंद, खिडक्या बंद, आणि दाराच्या फटीतून धूर.

विश्वजितनं दार ढकललं. मला आत नीट दिसेना. डोळ्यांत कुणी मूठभर तिखट फेकावं तशी आग झाली. खोकल्यानं मी वाकले, पोटातले टाके ओढले गेले, आणि तशीच भिंत धरून पुढं गेले.

आई शेगडीपुढं मांडी घालून बसली होती. मांडीवर बाळ. शेजारच्या सुपात कारखान्यातल्या त्या नव्या मिरच्या. मनगटावरची पट्टी पिक् पिक् वाजत होती, आणि ती वाजली की आई शहाण्यासारखी हात मागं घेत होती, थांबली की पुढं करून आणखी मिरच्या टाकत होती. त्या धुरात तिचे डोळे कोरडे होते. श्वास संथ होता. देवापुढं बसावं तशी बसली होती.

"आलीस?" ती म्हणाली. तिचा आवाज घाबरलेला होता. "बग की गं, ठसका येईना. किती टाकल्या, पोर रडून रडून गप झाली, तरी मला ठसकाच येईना. लई मोठी लागलीया गं पोरीला."

मला बोलायचं होतं. तोंडातून शब्द निघेना, नुसता खोकला. मी हात पुढं केले. आईनं माझ्याकडं बघितलं. मग विश्वजितकडं बघितलं, तो उंबऱ्यावर गुडघ्यांवर बसून ओकत होता. मग दारातल्या गौराक्कांकडं.

"तुमाला..." ती म्हणाली. "तुमाला ठसका लागलाय?"

मग तिनं खाली बघितलं. बाळ रडत नव्हतं. ओठ जांभळे झाले होते आणि गळ्यातून कसलातरी बारीक आवाज येत होता, दाराची बिजागरी करकरते तसा.

गौराक्कांच्या मुलाच्या जीपनं आम्ही पुन्हा तालुक्याला गेलो. वाटभर आई बाळाचे तळपाय चोळत होती. गार पडू नयेत म्हणून. मला काही सुचत नव्हतं, मी बाळाच्या तोंडाशी कान लावून तो करकर आवाज ऐकत होते आणि तो थांबू नये एवढंच मागत होते.

दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टर तस्नीम मुजावर माझ्याच वयाच्या. त्यांनी नळी घातली, ऑक्सिजन लावला, नर्सकडून बाळाचं सगळं अंग पुन्हा पुन्हा पुसून घेतलं. फुप्फुसाला सूज आली होती. संध्याकाळी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "जगेल. पण छाती नाजूक राहील. किती दिवस, ते आज सांगता येणार नाही."

आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली. "माझ्या हातनं मेली असती," एवढंच म्हणाली. विश्वजितनं तिला पाणी दिलं, पण तिच्याकडं बघितलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

खरं सांगायचं तर तोवर मी तिला माफ केलं होतं. चूक समजण्यासारखी होती. दारं बंद असलेल्या बाईनं ठसक्याची वाट बघितली. कारखान्याच्या डॉक्टरांनी गरम पाण्याचा विचार केला, तव्याचा केला, या रितीचा विचार त्यांना कसा सुचावा? आम्ही घरातली माणसं, आम्हाला तरी कुठं सुचला? एकदा घडलं, पुन्हा घडणार नाही. असं मी मनाशी म्हणत होते.

काही दिवसांनी नळी निघाली. बाळ शांत पडून असायचं, अंगावरचे चट्टे गेले होते. मला वाटलं औषधांनी गेले. पुसून पुसून कातडी कोरडी पडली म्हणून नर्सनं खोबरेल तेल आणून ठेवलं.

आई इतके दिवस दाराबाहेरच होती. गावी जा म्हटलं तरी गेली नव्हती. तिनं आत डोकावून विचारलं, "तेल मी लावू? एवढं तरी करू दे गं."

मी हो म्हणाले. तिनं बेसिनपाशी जाऊन साबणानं दोनदा हात धुतले, नर्सला दाखवले, आणि तळव्यावर तेल घेऊन बाळाचे पाय चोळायला लागली. किती हळू! अळवाच्या पानावरचं पाणी सांडू नये असा हात. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा थोडं समाधान दिसलं.

आणि बाळ रडायला लागलं.

तेच रडणं. न्हाणीतलं. दुसऱ्या कुठल्याही रडण्यापेक्षा वेगळं, अंग ताठ करून, पाय झाडत. आईचा हात थांबला. मी बाळाला उचललं आणि गप करायला म्हणून त्याच्या तळपायाचा मुका घेतला. माझे ओठ पेटले.

मी जिभेनं ओठ चाटले. जीभ पेटली. मिरची. ती नवी, जहाल मिरची, दवाखान्यात, धुतलेल्या हातांतून.

डॉक्टर तस्नीमना मला फार समजावून सांगावं लागलं नाही, कारण अर्धं मी सभेत ऐकलेलंच होतं. तिखट पाण्यात विरघळत नाही. आईचे हात म्हणजे नांगरलेलं शेत, सगळ्या भेगा, आणि नखांखाली वर्षानुवर्षांचा थर. साबणानं वरचं जातं, भेगांतलं राहतं. तेल लागलं की ते तेलात उतरतं. पूर्वी ती रोज तेल, पीठ, ताक करून ते काढायची, आणि सगळं निघालं की नाही हे तिला तिची आग सांगायची. आग बंद झाली तशी ती सगळी खटपटही बंद झाली. आणि मग रोज सकाळी, वाटीभर कोमट तेल घेऊन, जगातल्या सगळ्या मायेनं, तिनं माझ्या लेकीला नखशिखांत मिरची चोळली होती. मांड्यांना, मानेला, तळव्यांना. मग ते तळवे बाळ तोंडात घालायचं.

मी डॉक्टर मगदूमना फोन लावला. सगळं सांगितलं आणि सुई कधी उतरेल ते विचारलं. ते म्हणाले, वर्षभरानं उतरेल असं आम्हाला वाटलं होतं. दुसऱ्या कारखान्यात ज्यांनी सर्वांत आधी घेतली, त्यांची अजून उतरलेली नाही. कदाचित उतरणारही नाही. सॉरी म्हणाले. फोन ठेवताना त्यांचा आवाज फुटला होता, आणि तरी मला त्यांचा राग आला, तो आजही येतो.

मी वळले तर आई दारात उभी होती. तेलाचे हात तसेच.

"परत का रडाय लागली गं? आता तर काय धूर न्हाई, काय न्हाई." तिचे डोळे भरून आले होते. तिनं ते त्याच हातांनी पुसले. बोटं पार डोळ्यांच्या कडांपर्यंत गेली. पापणीसुद्धा लवली नाही, डोळे लालही झाले नाहीत. "माझ्याच हातात का?"

भूक लागली असेल, असं मी सांगू शकले असते. धुराचं ओझं तिच्यावर होतंच. ती एक वेळची चूक होती, घाबरून केलेली. हे दुसरं रोजचं होतं, आणि तिच्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या घडीचं होतं. ते तिच्याकडून काढून घ्यायला माझं मन होईना. पण न सांगून चालणार नव्हतं. उद्या ती पुन्हा हात पुढं करणार होती.

मी तिचा उजवा हात धरला आणि लहान मूल घालतं तशी तिची बोटं माझ्या तोंडात घातली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाक गळायला लागलं. मी बोटं बाहेर काढली नाहीत. तिला दिसू दे, म्हटलं.

तिनं बघितलं. माझ्या तोंडाकडं, मग बाळाच्या पायांकडं, मग स्वतःच्या हातांकडं. अडाणी नव्हती माझी आई. हळूहळू तिनं दोन्ही हात वर उचलले, दारात उभी राहायची तसे, आणि मागं मागं सरकत व्हरांड्यात गेली.

त्यानंतर तिनं कारखाना सोडला. तिच्या जागी दुसरी बाई आली, सुई घेतलेली. आता सुई घेतल्याशिवाय तिथं कुणाला कामावर घेतच नाहीत.

बाळाला घरी आणल्यावर मी इचलकरंजीला लगेच जाऊ शकले नाही. इतक्या प्रवासाला छाती तयार नव्हती. आईनं नखं मुळापासून कापली. सकाळ-संध्याकाळ तेल, पीठ, साबण, पुन्हा तेल. मग ताकाचं पातेलं घेऊन ती पाटावर बसायची, मी बाळाला घेऊन समोर. मग ती हात पुढं करायची आणि मी बोटांना जीभ लावून बघायचे, कारण आमच्या घरात ते सांगणारं दुसरं काही उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी जीभ भाजली. दुसऱ्या दिवशीही. मग हळूहळू कमी होत गेलं. रोज संध्याकाळी आई विचारायची, "गेली का?" आणि मी म्हणायचे, "थोडी हाय."

परवा संध्याकाळी बाळ मांडीवर जागं होतं. श्वास घेताना छातीतून अजून तो बारीक आवाज यायचा. आईला बघून ते हसलं, आणि तिनं गडबडीनं ताकातून हात काढले, पदराला पुसले आणि माझ्यापुढं धरले. मी एकेक बोट चाटून बघितलं. नखांच्या कडा, भेगा, तळवे, सगळं. ताकाची आंबट चव होती. दुसरं काही नव्हतं. पुन्हा बघितलं. काही नव्हतं.

"गेली का गं?" आईनं विचारलं. तिचा चेहरा मी लहानपणी पाटावर बसून वाट बघायचे तेव्हा माझा असेल तसा होता.

माझ्या मांडीवर तो आवाज चालू होता, आत, बाहेर, आत, बाहेर. मी बाळाला छातीशी ओढलं.

"थांब आई," मी म्हणाले. "अजून आग हाय."

तिला खरं-खोटं कळायला काही मार्ग नव्हता. तिनं मान हलवली आणि हात परत ताकात बुडवले.